सावकाश व्हिएतनाम

म्हैसूरच्या माणसाला कुठे जायचं असलं तर तो नुसता जात नाही, सांगून जातो. आणि सांगताना "तुम्हीपण चला की" असं म्हणतो. नंजनगूडला दर्शनाला जायचं असो नाहीतर दाढ काढून घ्यायला जायचं असो, समोरच्याला बोलवायचं. समोरच्यानं हात जोडून "अय्यो, परवागिल्ला, तुम्ही जाऊन या" म्हणायचं. झालं! परवागिल्ला म्हणजे राहू दे, काही हरकत नाही. कुणी कुणाला नेत नाही, कुणी कुणाबरोबर जात नाही, आणि दोघांचंही मन राहतं. ही रीत पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालत आली होती. आता ती नेमकी येसाजीराव जगतापांच्या वेळेलाच मोडायची होती, त्याला कोण काय करणार?

येसाजीराव जयलक्ष्मीपुरमात राहतात. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते असं घरात सांगतात, आणि पुरावा म्हणून दिवाणखान्यात एक गंजकी तलवारही आहे. येसाजीरावांचा स्वतःचा घोड्याशी संबंध आला नाही. त्यांनी चौतीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली आणि सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाले. पण वेळापत्रक लावावं तर त्यांनीच. कुठल्या हॉलमध्ये कितवा बाक, कुठला गठ्ठा कुठल्या कपाटात, सगळं तीन प्रतींत. असा माणूस घरी बसला की घरच्यांचे हाल होतात. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायला घेतल्या. तुरीच्या डाळीच्या डब्यावर "तूरडाळ", खाली तारीख, त्याखाली सही.

त्यातलाच एक डबा खाली ठेवून एके सकाळी वनजाबाई म्हणाल्या, "अहो, माझं एक काम कराल?"

वनजाबाई म्हणजे येसाजीरावांच्या पत्नी. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्याही त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. तेहेतीस वर्षांच्या संसारात बायकोनं आपल्याकडे काही मागितल्याचं येसाजीरावांना आठवेना. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

वनजाबाईंनी फोनवर एक आगगाडी दाखवली. व्हिएतनाममधली. वरच्या टोकाला हनोई, खालच्या टोकाला सायगॉन, आणि मध्ये समुद्राच्या कडेकडेनं ही गाडी आपली निवांत चाललेली.

"हिच्यात बसायचं. खिडकीशी. वाटेत पाच-सहा गावांना उतरायचं, तीन-तीन, चार-चार दिवस राहायचं, पुन्हा बसायचं. घाई नाही, धावपळ नाही. आणि अहो, आपण दोघंच."

"दोघंच म्हणजे?"

"म्हणजे दोघंच. तुम्ही आणि मी. एकदा तरी अशा ठिकाणी जाऊ या, जिथं मला कुणी हाक मारणार नाही."

खरं सांगायचं तर ती दोघं दोघंच अशी कधी कुठं गेलीच नव्हती. लग्नानंतर उटीला गेली तेव्हा बरोबर सासूबाई होत्या, नणंद होती, आणि उटीची हवा मानवते का पाहायला आलेले एक दम्याचे काका होते. धर्मस्थळाला अकरा माणसं होती. हंपीला तर जीपमध्ये जागा नाही म्हणून खुद्द येसाजीराव मागून बसनं आले. आणि प्रत्येक वेळी डबे, औषधं, टॉवेल, पिण्याचं पाणी यांच्या मालकीणबाई कोण, तर वनजा. विरूपाक्षाचं देऊळ वनजाबाईंनी पाहिलंच नाही, कारण सगळे आत होते तेव्हा त्या बाहेर सोळा जोडी चपला राखत होत्या.

हे सगळं येसाजीरावांना एकदम आठवलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. "नेतो," ते म्हणाले. "दोघंच."

त्याच दिवशी फाईल उघडली. चोवीस दिवसांचं वेळापत्रक, तीन प्रतींत. पण सावकाश प्रवासाचं वेळापत्रक करणं हे महाकठीण काम आहे, करून बघा. "दिवस सातवा: नदीकाठी बसणे." ठीक. "दिवस आठवा:" इथं ते अर्धा तास अडले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, "कालच्याप्रमाणे." वनजाबाई ते वाचून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि आपल्या कपाटात साड्यांखाली ठेवली.

निघायचं नोव्हेंबरात, असं पहिलं ठरलं. पण पेन्शनवाल्यानं नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण हयात असल्याचं दाखवायचं असतं. येसाजीराव पहिल्याच तारखेला दाखवायला गेले, तर मशीन त्यांचा अंगठा घेईना. चौतीस वर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजून अंगठा गुळगुळीत झाला होता. "सर, तुम्ही आहात हे मला दिसतंय," काउंटरवरची मुलगी समजुतीनं म्हणाली, "पण मशीनला दिसत नाही." मग उद्या या, सोमवारी या, साहेब रजेवर आहेत, लिंबाच्या रसानं अंगठा पुसून या. येसाजीराव हयात आहेत असं सर्वानुमते ठरायला तीन आठवडे गेले. तोवर नोव्हेंबर संपला आणि प्रवास फेब्रुवारीवर गेला. वनजाबाई म्हणाल्या, "असू दे. सावकाशच जायचंय ना."

मग पासपोर्ट. दोघांचेही मुदत संपून धूळ खात पडले होते. ते नव्यानं करायला टाकल्यावर चौकशीला पोलीस आला. सज्जन माणूस. सोफ्यावर बसून त्यानं कॉफी घेतली, तलवारीकडे बघून "लायसन आहे का?" असं विचारून येसाजीरावांना घाम फोडला, मग स्वतःच हसला आणि म्हणाला, "दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतील सर."

इथं घात झाला.

एका बाजूचं घर बंद होतं. दुसऱ्या बाजूला नरसिंहमूर्ती राहतात. तेही मराठी बोलणारेच, पण माध्व ब्राह्मण, मठाच्या वळणाचे, सोवळंओवळं पाळणारे. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलाही कागद पुढून वाचतात, मागून वाचतात, उजेडात धरून बघतात, आणि मगच पेनाचं टोपण काढतात.

"कुठं जाणार म्हणे?" टोपण काढता काढता त्यांनी विचारलं.

"व्हिएतनाम. चोवीस दिवस. आगगाडीनं, सावकाश," येसाजीराव म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण जीभ म्हैसूरची. साठ वर्षांचं वळण. ती आपली आपण पुढं बोलून गेली, "तुम्हीपण चला की!"

नरसिंहमूर्तींनी सही केली. टोपण लावलं. चष्मा काढला. येसाजीराव हात अर्धवट जोडून परवागिल्लाची वाट बघत उभे होते.

"येतो," नरसिंहमूर्ती म्हणाले. "कृष्णवेणीला किती वर्षं झाली, कुठं नेलंच नाही. तुम्ही एवढं मनापासून म्हणताय, तर येतो."

"छान झालं सर," पोलीस म्हणाला. "सोबत झाली तुम्हाला."

येसाजीराव घरी आले आणि सोफ्यावर बसले. असं कुणी म्हणतं का? जोडे पायात घालून निघालेल्या माणसानं "बसा" म्हटलं तर कुणी बसतं का? शेवटी उठून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि झालं ते सांगितलं. वनजाबाई कुकरचं झाकण लावत होत्या.

"हो का," त्या म्हणाल्या. "बरं."

या "बरं"चा अर्थ येसाजीरावांना तेहेतीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होता. "चौघं म्हणजे काही फार नाहीत गं," ते घाईघाईनं म्हणाले. "आपण दोघं या बाकावर, ती दोघं पलीकडच्या डब्यात. मी तसं वेळापत्रकच लावतो." वनजाबाईंनी कुकरला शिट्टी लावली.

चौथ्या दिवशी अक्का आली. अक्का म्हणजे येसाजीरावांची थोरली बहीण भवानीबाई, वय एकाहत्तर, मुक्काम देवराज मोहल्ला. उटीला होती ती नणंद हीच. ती रिक्षातून उतरली, आत आली नाही, पायरीवर बसली. अक्का पायरीवर बसली म्हणजे घरात काहीतरी अक्षम्य घडलेलं असतं.

"आत ये ना अक्का."

"कशाला? परक्या माणसानं पायरीवरच बसावं. परदेशी निघालायस, शेजाऱ्याला ठाऊक, पोलिसाला ठाऊक. आणि मला कुठं कळतं? मार्केटात, फुलवालीपाशी! त्या कृष्णवेणीबाई सांगतात, आम्ही तुमच्या भावाबरोबर जातोय, तुम्ही नाही का येत? मी काय उत्तर देऊ रे येशा? फुलं तशीच टाकून आले."

"तसं नाही अक्का. मी आज येणारच होतो सांगायला."

"सांगायला."

या एका शब्दात अक्कानं इतकं काही भरलं की येसाजीरावांचं अवसान गेलं. पाच वर्षांचे असताना याच अक्कानं त्यांना कडेवर घेऊन दसऱ्याचा हत्ती दाखवला होता, आणि ते तिनं त्यांना आजवर विसरू दिलेलं नव्हतं. "तुला टाकून जाईन का मी?" ते म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मी यायची नव्हते," अक्का उठत म्हणाली. "माझा गुडघा. पण तू इतका हट्टच धरलायस तर येते बाबा. आणि आमच्या भजनी मंडळातल्या चौघीजणी आहेत, बिचाऱ्यांचं कुठं जाणं होत नाही. वनजा, कॉफी टाक गं!"

नवांचे अकरा, अकरांचे तेरा असं मग होतच गेलं. गल्लीत ज्याला त्याला व्हिएतनामची माहिती झाली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिथं पाण्यातूनच सगळं होतं, उकळून प्या. किराणेवाल्यानं सांगितलं, तिथं लढाई चालू आहे. ती संपून पन्नास वर्षं झाली, असं येसाजीराव म्हणाले, तर तो म्हणाला, "असेल, पण जपून असा." देवराज मोहल्ल्यातल्या फोटोवाल्यानं व्हिसाचे फोटो इतके गोरे करून दिले की ते दोनदा परत आले. माणसाची आणि फोटोची ओळख पटेना.

आणि मग कृष्णवेणीबाईंनी जेवणाचा प्रश्न काढला. "कांदा-लसूण राहू देच हो," त्या म्हणाल्या, "पण तिथं काय काय खातात ते मी टीव्हीवर बघितलंय. मी तर पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही." म्हणून सोसले गावच्या वादिराज आचाऱ्याला बोलावणं गेलं. वादिराज म्हणजे लग्नामुंजीत पाचशे पानं एकहाती उठवणारा माणूस. तो खांद्यावर पंचा टाकून आला, पाय धुतले, सगळं वेळापत्रक शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यानं एकच प्रश्न विचारला.

"आगगाडीत चूल कुठं मांडायची?"

"आगगाडीत चूल मांडता येत नाही," येसाजीराव म्हणाले.

"मग आगगाडी नको," वादिराज म्हणाला.

इतकी वर्षं येसाजीरावांनी कुलगुरूंच्या खोलीत बैठका पाहिल्या होत्या, पण इतक्या झटपट ठराव पास झालेला पाहिला नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. येसाजीराव कळवळून म्हणाले, "अहो, सगळं त्या गाडीसाठीच तर आहे!"

"गाडीचं काय एवढं?" नरसिंहमूर्ती म्हणाले. "आल्यावर आपण अरसीकेरेच्या पॅसेंजरमध्ये बसू. हवी तितकी सावकाश जाते."

म्हणजे बस आली. बस आली म्हणजे एजंट आला. देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानाच्या वर मनोहररावांचं ऑफिस आहे. तिथं खालच्या शिलाई मशिनांनी जमीन सारखी थरथरते, आणि मनोहरराव बोलतातही त्याच वेगानं. "चोवीस दिवस? अहो, चोवीस दिवस तिथला माणूससुद्धा तिथं राहत नाही! सहा दिवसांत मी तुम्हाला अख्खं व्हिएतनाम दाखवतो, वर कंबोडियाचं देऊळ फुकट. फक्त बसला अठरा माणसं पाहिजेत." अठरा माणसं दोन दिवसांत झाली. वीस झाली असती, पण दोघांना परवागिल्ला म्हणायची जुनी सवय होती.

आणि या सगळ्याचे प्रमुख म्हणून कोण? येसाजीराव. "लीडर तुम्हीच, कल्पना तुमचीच," असं सगळे म्हणाले. येसाजीरावांना हा मान नको होता. पण खोटं कशाला बोला, थोडासा हवाही होता. सावकाश प्रवासात त्यांच्या हाताला काम असं नव्हतंच, आता ढीगभर होतं. खोल्यांची यादी, गोळ्यांची यादी, कुणाला वरचा मजला चालत नाही त्याची यादी. जुने दिवस परत आल्यासारखे ते सकाळी नऊला टेबलाशी बसायला लागले. वनजाबाई कॉफी आणून ठेवायच्या आणि जायच्या. त्या हल्ली फोनवरची ती गाडी बघत नाहीत, हे येसाजीरावांच्या ध्यानात आलं होतं. पण ध्यानात आलेली प्रत्येक गोष्ट माणूस मनावर घेतोच असं नाही.

शेवटी त्यांनी बसमधल्या आसनांचा तक्ता केला. हे तर त्यांचं हातखंडा काम. लाल शाईनं रेघा, निळ्या शाईनं नावं. पहिल्या रांगेत ड्रायव्हरच्या मागं लीडर म्हणून स्वतः, शेजारी नरसिंहमूर्ती. चौथ्या रांगेत, खिडकीशी अक्का. अक्काचा गुडघा दर तासाला चोळावा लागतो, तेव्हा तिच्याशेजारी जाणतं माणूस हवं. त्यांनी विचार करून लिहिलं, "आसन क्रमांक चौदा: वनजा." मग त्यांनी तक्ता वाळवला आणि मोठ्या अभिमानानं बायकोला दाखवायला नेला.

वनजाबाईंनी हात पुसून तक्ता घेतला. चौदा क्रमांकावर बोट ठेवलं.

"अक्षर सुंदर आलंय," त्या म्हणाल्या.

"मग!"

"अहो, मी काय म्हणते," तक्ता त्यांच्या हातात परत देत वनजाबाई म्हणाल्या, "परवागिल्ला. तुम्ही जाऊन या."

जे शब्द नरसिंहमूर्तींनी म्हणावेत म्हणून येसाजीराव पोलिसासमोर हात जोडून उभे राहिले होते, जे अक्कानं म्हणावेत, कृष्णवेणीबाईंनी म्हणावेत, अठरांपैकी कुणीतरी म्हणावेत म्हणून त्यांनी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते, ते शेवटी कुणी म्हटले तर वनजानं. आवाज चढवून नाही, रागावून नाही. दमून. येसाजीराव हातातल्या तक्त्याकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांना तिथून हलता येईना. तेहेतीस वर्षांत एक गोष्ट मागितली होती तिनं. आणि आपण तिला परदेशात, सुवाच्य अक्षरात, अक्काच्या गुडघ्यापाशी नेऊन बसवलं होतं.

"मी सगळ्यांना नाही म्हणून येतो," ते म्हणाले आणि छत्री घेऊन बाहेर पडले. ऊन होतं, पण नाही म्हणायला जाताना हातात काहीतरी हवं.

आधी अक्काकडे गेले. तासाभरानं परत आले ते चटणीपुडीचा डबा घेऊन. अक्कानं ती बसमध्ये वाटायला केली होती. मग नरसिंहमूर्तींकडे गेले. तिथून परत आले तेव्हा अठरा जणांचे पासपोर्ट सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. मनोहररावांकडे गेले तर मनोहररावांनी त्यांना टोपी दिली. लीडरची, पिवळी. ती डोक्यावर घालूनच ते घरी आले, काढायचंसुद्धा सुचलं नाही. वनजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी टोपी पाहिली, आणि त्या आत गेल्या.

येसाजीराव पायरीवर बसले. नाही म्हणणं आपल्याला या जन्मी जमणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. पूर्वज तलवारी घेऊन कुणावर चालून गेले असतील त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्यांना जे सुचलं ते इतकं भयंकर होतं की त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं. नाही म्हणायचंच नाही. नुसतं जायचं. न सांगता!

आता बाहेरच्या वाचकाला वाटेल, यात काय एवढं? अहो, म्हैसूरात न सांगता कोण जातं? चिटफंड बुडवलेला माणूस जातो. घरात पाणी भरायला जातानासुद्धा जिथं "आलेच हं" म्हणतात, तिथं दोन आदरणीय निवृत्त माणसं न सांगता देश सोडतात म्हणजे काय? येसाजीरावांनी बेंगळूरच्या लेकीला फोन केला तेव्हा ते इतकं हळू बोलत होते की तिला वाटलं वडिलांना बरं नाही. कळल्यावर ती म्हणाली, "अप्पा, शेवटी!" आणि तिनं पटापट सगळं करून टाकलं. व्हिसा झालेलेच होते. विमान बसवाल्यांच्या आधी नऊ दिवस. आणि आगगाडी. डाव्या हाताची दोन आसनं, कारण खाली जाताना समुद्र डावीकडे असतो.

उरलेल्या मंडळींसाठी येसाजीरावांनी रीतसर पत्र लिहिलं. "वैयक्तिक कारणास्तव लीडरपदाचा राजीनामा देत असून सर्व याद्या, तक्ता व टोपी यांचा भार श्री. नरसिंहमूर्ती यांच्याकडे सोपवीत आहे." तीन प्रती. साध्या टपालानं टाकल्या, म्हणजे त्या आपण गेल्यावर पोचतील. पेटीत पत्रं सोडताना त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं. वनजाबाईंनी त्यांचा दंड धरला होता.

निघाले त्या सकाळी साडेसहा वाजले होते. रिक्षा मुद्दाम कोपऱ्यावर उभी केली होती. बॅगा चाकांवरून ओढल्या तर आवाज होईल म्हणून उचलून घेतल्या होत्या. आणि फाटक उघडतात तो समोर नरसिंहमूर्ती. जगतापांच्याच जास्वंदीची फुलं पूजेसाठी तोडत होते.

"काय हो, सकाळी सकाळी बॅगा?"

"लग्न," येसाजीराव म्हणाले. एवढा एकच शब्द आला.

"कुणाचं?"

"नात्यातलंच आहे," वनजाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण लांबचं."

नरसिंहमूर्तींनी मान डोलावली. विषय संपला होता. पण येसाजीरावांची जीभ वळवळली. ओठ आपोआप उघडले. साठ वर्षांचं वळण, ते काय एका दिवसात जातं? "तुम्हीपण," इथपर्यंत शब्द आले, आणि वनजाबाईंच्या हातातली बॅग सुटून नेमकी त्यांच्या पायावर पडली. पुढचं वाक्य कळवळण्यात गेलं. नरसिंहमूर्ती हळहळले, "हळदीचा लेप लावा" म्हणाले, आणि फुलांकडे वळले.

तिसऱ्या दिवशी पत्रं पोचली. लेकीनं फोनवर सांगितलं, अक्कानं मेल्यावरही तोंड बघणार नाही असं जाहीर केलं, भजनी मंडळासमोर रडली, आणि मग विचारलं की चौदा नंबर आता रिकामा आहे, तर तिथं पाय लांब करता येतील का. येसाजीरावांना तरीही वाईट वाटलं. अक्का ती अक्काच. त्यांनी परत गेल्यावर तिची क्षमा मागायचं ठरवलं आणि फोन बंद करून बॅगेच्या तळाशी ठेवला.

आणि मग एका दुपारी ह्वे नावाच्या गावाहून ती गाडी निघाली. वनजाबाई खिडकीशी बसल्या. गाडी खरोखरच सावकाश होती. बाहेर भाताची खाचरं, म्हशी, शेताच्या मधोमध थडगी. समोरच्या बाकावर एक म्हातारी संत्री सोलत होती. तिनं दोन फोडी वनजाबाईंना दिल्या. वनजाबाईंनी खाल्ल्या, बोटं रुमालाला पुसली, हात मांडीवर ठेवले. पाच-दहा मिनिटं त्या बाहेर बघत होत्या. मग त्यांची मान कलली आणि त्यांना झोप लागली.

येसाजीराव थोडे दुखावले. ज्या समुद्रासाठी पोलीस, अंगठा, अक्का आणि वादिराज सोसला, तो आता तासाभरात येणार, आणि ही झोपते? पण येईल तेव्हा उठवू, असं म्हणून ते घड्याळाकडे बघत बसले. गाडी डोंगर चढू लागली, एक बोगदा गेला, दुसरा गेला, आणि समुद्र आला. खाली, अगदी रुळांपाशी, निळा आणि हिरवा. डब्यातली माणसं फोन काढून उभी राहिली.

"वनजा," म्हणायला येसाजीरावांनी तोंड उघडलं, हात तिच्या खांद्यापर्यंत नेला. आणि त्यांचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

दिवसाउजेडी झोपलेली वनजा त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. तेहेतीस वर्षांत नाही. उटीला नाही, धर्मस्थळाला नाही, घरातही नाही. ती नेहमी सगळ्यांच्या नंतर आडवी व्हायची आणि सगळ्यांच्या आधी उठलेली असायची. तोंड जरासं उघडं होतं. कपाळावरची आठी, जी जन्मापासूनच तिथं आहे असं ते धरून चालले होते, ती नव्हती. कसलीही हाक येणार नाही अशी खात्री पटल्यावर माणूस जसं झोपतं, तशी ती झोपली होती. येसाजीरावांनी हात मागं घेतला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना ते समोरच्या म्हातारीपासून लपवता आले नाहीत.

तिच्या चेहऱ्यावर ऊन येत होतं. त्यांनी पडदा ओढून घेतला. समुद्र गेला पडद्याआड. एका बाजूनं थोडासा दिसत होता, तेवढा त्यांनी पाहिला. मग तोही मागं पडला. डोंगर उतरला, घरं आली, पत्र्याची गोदामं आली.

वनजाबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "अहो, समुद्र आला का?"

येसाजीरावांनी बाहेर पाहिलं. एक सायकलचं दुकान मागं जात होतं. उद्या परत फिरून हीच गाडी धरता येईल. परवाही येईल. दिवस पुष्कळ होते.

"अजून यायचाय," ते म्हणाले. "झोप तू."